जागतिकीकरणाचे आर्थिक आणि राजकीय तोटे : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जागतिकीकरण म्हणजे नेमके काय, आणि या पानावर त्याच्या कोणत्या भागाचा विचार केला आहे?

वस्तू, भांडवल, तंत्रज्ञान आणि काही प्रमाणात माणसे यांची देशांच्या सीमा ओलांडून होणारी ये-जा वाढणे, आणि ती वाढावी म्हणून सरकारांनी आयात शुल्क, परवाने व गुंतवणुकीवरील निर्बंध कमी करणे, याला ढोबळमानाने जागतिकीकरण म्हणतात. भारतात या पर्वाची सुरुवात १९९१ पासून धरली जाते. त्या वर्षी परकीय चलनाची गंगाजळी इतकी आटली होती की देशाला सोने गहाण ठेवावे लागले, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जावे लागले, आणि पी. व्ही. नरसिंह राव यांच्या सरकारने जुलैमध्ये रुपयाचे अवमूल्यन करून नवे औद्योगिक धोरण जाहीर केले. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि भारत तिचा संस्थापक सदस्य झाला. आयातीवरील उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध एप्रिल २००१ मध्ये उठले.

या बदलांचे फायदे येथे नाकारलेले नाहीत. ते सांगणारे पुष्कळ आहेत. हे पान तोट्यांविषयी आहे, आणि ते तोटे मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतून जसे दिसतात तसे मांडले आहेत. मुंबईच्या शेअर बाजारातून किंवा पुण्याच्या संगणक कंपनीतून ते वेगळे दिसतील, यात शंका नाही.

मराठवाडा तर कोरडवाहू भाग. त्याचा जगाच्या बाजाराशी संबंध कधीपासून आला?

समजतो त्यापेक्षा खूप आधीपासून. निजामाच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या तोंडावर, मनमाड ते सिकंदराबाद रेल्वे झाली आणि जालना, परभणी, नांदेडचा कापूस मुंबईच्या वाटेने बाहेर जाऊ लागला. नवी आहे ती व्याप्ती. तेव्हा कापूस जगाच्या बाजाराला बांधलेला होता, पण ज्वारी, करडई, मूग, उडीद ही पिके गावाच्या आणि घराच्या हिशोबाने घेतली जात. गेल्या तीन-चार दशकांत सोयाबीनने यांतील बरीच जमीन घेतली, आणि आता विकायचा माल, पेरायचे बियाणे, टाकायचे खत अशा तिन्ही बाजूंनी शेतकरी बाहेरच्या भावांशी जोडला गेला आहे. पाऊस मात्र पूर्वीइतकाच लहरी राहिला. ज्या शेताला पाण्याची हमी नाही, त्या शेताने जागतिक भावाची जोखीमही उचलावी, असा हा व्यवहार आहे.

लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव ठरवतो कोण?

लिलाव आडतीवर होतो. खरेदीदार ढिगात हात घालून मूठभर दाणे काढतो, एखादा दाताखाली फोडून पाहतो, ओलावा मोजण्याच्या यंत्रात नमुना टाकतो आणि बोली सुरू होते. मात्र बोलीला उभे राहण्यापूर्वीच त्याच्या मोबाइलवर शिकागोच्या वायदे बाजाराचा आकडा, मलेशियातील पामतेलाचा दर, डॉलरचा भाव आणि तेल प्लांटने कळवलेला खरेदी दर हे सगळे आलेले असते. ओलावा, माती आणि डागी दाणे यांवरून जी घासाघीस होते ती क्विंटलमागे शंभर-दोनशे रुपयांची. हजार-दोन हजारांचा चढउतार त्या ढिगाजवळ ठरत नाही.

याचे कारण सोयाबीनच्या दाण्यातच आहे. गाळपानंतर त्यातून साधारण १८ टक्के तेल निघते आणि उरलेला बहुतेक भाग पेंड म्हणून जातो. तेलाला आयात होणाऱ्या पामतेलाशी आणि अर्जेंटिना-ब्राझीलच्या सोयातेलाशी स्पर्धा करावी लागते, तर पेंडीला परदेशी बाजारात त्याच देशांच्या पेंडीशी. म्हणजे एकाच दाण्याचे दोन्ही हिस्से जगाच्या भावाला टांगलेले असतात.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजार रुपयांच्या आसपास पोहोचले होते. बहुतेक शेतकऱ्यांचा माल तोपर्यंत विकून झाला होता आणि नवे पीक शेतात उभे होते. कुक्कुटपालन उद्योगाने पेंड महागल्याची तक्रार केली, आणि केंद्राने जनुकीय सुधारित सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्याची मुभा दिली. जनुकीय सुधारित सोयाबीन पेरायला देशात परवानगी नाही, पण त्याची पेंड आणायला ती मिळाली, ही विसंगती तेव्हा बांधावरही बोलली गेली. नवी आवक सुरू होईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आले होते. सुगीच्या आवकेने भाव उतरतातच हे खरे, परंतु त्या घसरणीत आयातीच्या निर्णयाचा वाटा नव्हता असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

२०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरील एकूण आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेले. मे २०२५ च्या अखेरीस, म्हणजे मराठवाड्यात सोयाबीन पेरायची तयारी चाललेली असताना, ते १६.५ टक्क्यांवर आणले. त्या वर्षी भाव पडण्यामागे एक देशी कारणही होते, ते सांगितले पाहिजे : इथेनॉलसाठी मका वापरला जाऊ लागल्यापासून त्याचा उरलेला चोथा स्वस्त पशुखाद्य म्हणून बाजारात येतो आणि सोयापेंडीची मागणी खातो. प्रत्येक घसरणीचे बिल परदेशाच्या नावाने फाडता येत नाही.

आयात स्वस्त झाली तर ग्राहकाचा फायदाच होतो ना? शेतकरीही तेल विकतच घेतो.

होतो, आणि शेतमजुराच्या घरात तो महत्त्वाचाही असतो. प्रश्न असा आहे की हा फायदा किती टिकाऊ आहे. १९८६ मध्ये तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झाल्यानंतर नव्वदीच्या पूर्वार्धात देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. नंतर पामतेलाची आयात खुली झाली, शुल्क खाली-वर होत राहिले, आणि आज देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. मराठवाड्यात याचा सर्वांत दिसणारा परिणाम करडईवर झाला. रब्बीत ज्वारीच्या कडेने काटेरी करडईचे पट्टे असत, गावच्या घाण्यावर तेल काढून वर्षाची बेगमी केली जाई. कमी पाण्यात, काळ्या जमिनीतल्या ओलीवर येणारे हे पीक क्षेत्राच्या हिशोबाने आता नावापुरते उरले आहे. त्याला एकटी आयात जबाबदार नाही; काट्यांमुळे काढणीला मजूर मिळेनात हेही खरे. तरीही स्वस्त पामतेलापुढे करडईला भाव मिळाला असता तर काढणीच्या यंत्रावर आणि नव्या वाणांवर खर्च करायला कोणी तरी पुढे आले असते.

अवलंबित्वाची किंमत २०२२ मध्ये कळली. युक्रेनच्या युद्धामुळे सूर्यफूल तेल अडकले, आणि एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने स्वतःच्या ग्राहकांसाठी पामतेलाची निर्यात जवळपास महिनाभर बंद केली. त्या देशाने जे केले ते कोणतेही सरकार करील. पण स्वतःची तेलबिया मोडून दुसऱ्याच्या तेलावर बसलेल्या देशाकडे तेव्हा महाग घेण्यावाचून पर्याय नव्हता.

कापसाच्या बाबतीत श्रीमंत देशांच्या अनुदानांचा उल्लेख नेहमी होतो. त्यात तथ्य किती?

बरेच. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानामुळे जगाचा भाव दाबला जातो, अशी तक्रार ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत २००२ मध्ये नेली आणि २००५ मध्ये अपिलातही जिंकली. अमेरिकेने अनुदान तत्काळ बंद करण्याऐवजी २०१० पासून ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या साहाय्यासाठी वर्षाला सुमारे १४.७ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले, आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. थोडक्यात, आपल्या शेतकऱ्यांचे अनुदान चालू राहावे म्हणून अमेरिकेने दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्यांनाही पैसे दिले. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब आफ्रिकी देशांनी २००३ मध्ये हीच तक्रार मांडली होती. त्यांच्याकडे ब्राझीलइतकी ताकद नसल्याने त्यांच्या पदरात आश्वासनेच पडली. दाबलेल्या भावाचा फटका परभणी-जालन्याच्या कोरडवाहू कापसालाही बसला, त्याची भरपाई कोणाकडे मागायची हा प्रश्नच उपस्थित झाला नाही. नियम सर्वांना सारखे असले तरी ते वापरण्याची ऐपत सारखी नसते.

अलीकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पापासून आयात कापसावर ११ टक्के शुल्क होते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के शुल्क लादले, आणि कापड निर्यातदारांना दिलासा म्हणून केंद्राने कापसावरील आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले. ती माफी पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. मराठवाड्यात पहिली वेचणी दिवाळीच्या आगेमागे घरात येते आणि डिसेंबरपर्यंत कर्ज, किराणा, मुलांच्या फिया यांसाठी बहुतेक कापूस विकला जातो. माफीचा काळ नेमका तोच होता. वॉशिंग्टनमध्ये घेतलेल्या निर्णयाचा धक्का तिरुपूर आणि सुरतच्या उद्योगाला बसला, आणि तो सौम्य करण्याचा खर्च सेलू-मानवतच्या जिनिंगपुढे उभ्या असलेल्या गाड्यांवर टाकला गेला. लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव होता खरा, पण भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर भरला की माल परत जातो, आणि त्या वर्षी तर आधी मोबाइल अॅपवर नोंदणीही सक्तीची केली होती.

बीटी बियाणे हा जागतिकीकरणाचा तोटा मानायचा की फायदा?

दोन्ही, आणि वेगवेगळ्या काळात. ही कथा जालन्यातूनच जाते, कारण महिको ही बियाणे कंपनी मूळची जालन्याची. अमेरिकेच्या मोन्सँटोने १९९८ मध्ये तिच्यात २६ टक्के हिस्सा घेतला आणि मार्च २००२ मध्ये महिकोच्या तीन बीटी, म्हणजे बोंडअळीविरुद्धचे जनुक घातलेल्या, संकरित वाणांना देशात परवानगी मिळाली. पहिली काही वर्षे हिरव्या बोंडअळीवरची फवारणी घटली आणि उत्पादन वाढले, हे शेतकरी स्वतः सांगतात. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटाला १,६०० रुपयांच्या पुढे मोजावे लागत, त्यात तंत्रज्ञानाच्या स्वामित्व शुल्काचा भाग मोठा होता. आंध्र प्रदेश सरकारने हे प्रकरण मक्तेदारी आयोगापुढे नेल्यानंतर २००६ मध्ये दर ७५० रुपयांच्या आसपास आले.

तोटा कशाचा झाला, तर निवडीचा. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने ऐंशीच्या दशकात दिलेला एनएचएच ४४ हा संकरित वाण मराठवाड्याच्या हलक्या-मध्यम जमिनीत, कमी पाण्यात चांगला टिकत असे. सार्वजनिक पैशातून झालेला हा वाण बीटी तंत्रज्ञानाअभावी बाजारातून फेकला गेला, आणि त्याचे बीटी रूप परभणीच्या कृषी विद्यापीठाने महाबीज या राज्य बियाणे महामंडळाच्या साहाय्याने आणेपर्यंत दीड दशक उलटून गेले होते. दरम्यान शेकडो खासगी संकरित वाणांची पाकिटे दुकानांत आली, त्यांतील कितीतरी उशिरा पक्व होणारी. कापूस जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत शेतात राहू लागला, गुलाबी बोंडअळीला मुक्काम मिळाला, ती बीटीला दाद देईनाशी झाली, आणि २०१७ च्या खरिपात तिने मराठवाडा-विदर्भाचा कापूस पोखरून काढला. तंत्रज्ञान पुरवणाऱ्याने आपले शुल्क प्रत्येक पाकिटामागे आधीच घेतले होते. अळीचा खर्च शेतकऱ्याचा आणि नुकसानभरपाईचा बोजा राज्याच्या तिजोरीवर.

हे सारे असे असेल, तर शरद जोशी यांनी डंकेल प्रस्तावाचे स्वागत का केले होते?

हा प्रश्न मराठीत तोट्यांविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारला पाहिजे. १९९१ च्या अखेरीस जागतिक व्यापार कराराचा डंकेल मसुदा आला तेव्हा डावे पक्ष आणि कर्नाटकातील नंजुंडस्वामींची रयत संघटना कडाडून विरोधात होती. जोशी यांच्या शेतकरी संघटनेचे म्हणणे उलटे होते : भारतीय शेतकऱ्याला लुटणारा परदेशी नाही, निर्यातबंदी, लेव्ही (सक्तीची सरकारी खरेदी) आणि जिल्हाबंदी लावून देशांतर्गत भाव जगाच्या भावापेक्षा खाली ठेवणारे स्वतःचेच सरकार आहे. भारतात शेतीला मिळणारे अनुदान हिशोबाने उणे आहे, म्हणजे सरकार देते त्याहून अधिक काढून घेते, हा त्यांचा मुद्दा सरकारच्याच आकडेवारीवर उभा होता, आणि तो खोडून काढणे विरोधकांना जमले नाही.

माझ्या मते त्यांचे निदान बरोबर होते. अपेक्षा मात्र फळली नाही. बाजार खुला झाला तो एका बाजूने उघडणाऱ्या दारासारखा : भाव वाढले की माल आत येतो, आणि भाव वाढले की माल बाहेर जाणे थांबते. मे २०२२ मध्ये गव्हाची निर्यात बंद झाली. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ कांद्याची बंद होती, आणि वैजापूर-लासूरच्या कांदा उत्पादकांनी तिचा फटका सोसला. २०२१-२२ मध्ये विक्रमी साखर निर्यात झाल्यावर लगेच तिलाही लगाम घातला गेला.

तुरीची गोष्ट याहून वाईट. २०१६ मध्ये डाळ महागल्यावर केंद्राने मोझांबिकशी वर्षाला १ लाख टनांपासून २ लाख टनांपर्यंत डाळ आणण्याचा करार केला. त्याच वर्षी पाऊस चांगला झाला, मराठवाड्यात तुरीचे अमाप पीक आले आणि २०१७ च्या सुरुवातीला भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली कोसळले. खरेदी केंद्रांवर बारदाना संपला, ट्रॅक्टर दिवसचे दिवस रांगेत उभे राहिले. ज्यांनी आदल्या वर्षी सरकारच्या आवाहनावरून तूर वाढवली तेच रांगेत होते. मे २०२१ पासून तूर आणि उडदाची आयात पुन्हा मोकळी झाली आणि तिची मुदत वर्षामागून वर्ष वाढत गेली. शहरातला मतदार डाळीच्या भावाने नाराज होतो आणि तो संख्येने व आवाजाने मोठा आहे. यात परदेशी कटाचा शोध घेण्याची गरज नाही.

शेतकरी आत्महत्यांचे कारण जागतिकीकरण आहे, असे म्हणता येईल का?

एवढ्या सरळ वाक्यात नाही. एका माणसाच्या मरणामागे नापिकी, सावकारी कर्ज, आजारपण, कुटुंबातील ताण, लग्नाचा खर्च असे अनेक धागे असतात आणि त्यांतील एकच ओढून दाखवणे त्या कुटुंबावरही अन्याय करणारे आहे. भावाच्या अनिश्चिततेने कर्ज फेडणे अवघड झाले इतके खात्रीने म्हणता येते. सिंचनाचा अनुशेष आणि संस्थात्मक पतपुरवठ्याची कमतरता ही दुखणी १९९१ च्या आधीची आहेत.

वाळूज, शेंद्रा, बिडकीन येथे तर जागतिकीकरणामुळेच रोजगार आला. त्याचे काय?

आला, आणि तो मोलाचा आहे. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ चा, म्हणजे उदारीकरणापूर्वीचा. पण स्कोडा, कोरियाची ह्योसंग आणि ऑरिक या औद्योगिक नगरीतील नव्या कंपन्या या खुल्या अर्थव्यवस्थेच्याच पोटी आल्या. २०२४ मध्ये बिडकीनसाठी टोयोटा किर्लोस्करने सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या प्रकल्पाचा करार केला.

तोट्याची बाजू तीन ठिकाणी दिसते. पहिली, हा विकास छत्रपती संभाजीनगर या एका शहराभोवती गोळा झाला. हिंगोली, परभणी, बीड, धाराशिवच्या तरुणाला त्यातून मिळते ते वाळूजच्या पत्र्याच्या खोलीचे भाडे आणि कंत्राटदाराकडची नोकरी. कायम कामगाराशेजारी तेच काम करणारा कंत्राटी मुलगा निम्म्याहून कमी पगारावर असणे हे वाळूजमध्ये कोणाला नवलाचे वाटत नाही. दुसरी, मागणी दूरची असते. २०२३ मध्ये नायजेरियाच्या नायरा चलनाची घसरगुंडी झाली आणि भारतातून आफ्रिकेत जाणाऱ्या दुचाकी-तीनचाकींची निर्यात मंदावली. अशा वेळी सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या शेडमधली पाळी आधी बंद होते आणि कारण नंतर कळते.

तिसरी बाजू राज्यांच्या तिजोरीची. मोठी कंपनी कुठे जायचे हे ठरवण्यापूर्वी दोन-तीन राज्यांशी एकाच वेळी बोलते, आणि जमीन, वीज, करपरतावा यांत ती राज्ये एकमेकांवर कडी करत राहतात. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातला गेला तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतूनच अंग काढून घेतले, त्याची चर्चा तेवढी झाली नाही. सवलतींवर गेलेला पैसा कोणाच्या शाळेचा आणि कोणाच्या दवाखान्याचा होता, हे अर्थसंकल्पाच्या कोणत्याच पानावर लिहिलेले नसते.

जालन्याच्या पोलाद उद्योगाला चिनी आयातीचा फटका बसतो का?

थेट फार नाही, कारण जालना बनवते ती बांधकामाची सळई, आणि आयात मुख्यतः पत्र्याच्या प्रकारातील पोलादाची होते. भट्टीत वितळवायच्या भंगाराचा काही भाग मात्र बाहेरून येतो, त्यामुळे डॉलर वधारला की त्याचा ताण येथे जाणवतो.

आर्थिक तोटा समजला. राजकीय तोटा म्हणजे नेमके काय?

ज्याला मत दिले त्याच्या हातात निर्णय नसणे, हा राजकीय तोटा. आपल्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती हा विषय राज्य सूचीत १४ व्या क्रमांकावर आहे, आणि परदेशांशी करार करून ते अमलात आणण्याचा अधिकार संघ सूचीत, तोही १४ व्याच क्रमांकावर. दोन चौदांची गाठ पडते तेव्हा दुसरा चौदा जिंकतो, कारण अनुच्छेद २५३ संसदेला करार अमलात आणण्यासाठी कोणत्याही विषयावर कायदा करू देतो. करार स्वीकारण्यापूर्वी संसदेची मान्यता घेण्याचे बंधन तर केंद्रावरही नाही. शेतीविषयीच्या प्रश्नांना उत्तर देणारा आमदार मुंबई-नागपूरच्या विधिमंडळात बसतो, आणि त्या शेतीचे शुल्क व अनुदान यांची मर्यादा जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेत ठरते.

उसाचे उदाहरण घ्या. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये तक्रार केली की भारताने ठरवलेली उसाची रास्त व किफायतशीर किंमत (एफआरपी) म्हणजे मर्यादेबाहेरचे अनुदान आहे. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला. एफआरपी ही येथे ऊस उत्पादकाने आंदोलने करून मिळवलेली हमी, आणि ती सरकार स्वतःच्या तिजोरीतून देतही नाही, साखर कारखाना देतो. तरीही ती नियमभंग ठरली. भारताने अपील केले आणि ते पडून आहे, कारण अमेरिकेने सदस्यांच्या नेमणुका अडवल्यामुळे संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून चालतच नाही. सध्या हे भारताच्या पथ्यावर पडले आहे, पण नियम मोडकळीस आले की शेवटी बलवानाचे चालते, हे २०२५ च्या अमेरिकी शुल्काने दाखवून दिले.

हमीभावाचा हिशोबही असाच आडमुठा आहे. आजच्या हमीभावाची तुलना १९८६-८८ च्या जागतिक किमतींशी केली जाते, आणि महागाईने वाढलेला सगळा फरक अनुदान म्हणून धरला जातो. बालीच्या २०१३ च्या परिषदेत धान्यसाठ्यांपुरती तात्पुरती मुभा मिळाली, कायमचा तोडगा अजून निघालेला नाही.

एन्रॉनचा उल्लेख अजूनही का केला जातो?

कारण महाराष्ट्राने राजकीय तोट्याचा धडा तेथे रोख पैसे मोजून घेतला. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ येथील वीज प्रकल्पासाठी राज्य वीज मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये करार केला. वीज घेतली नाही तरी ठरलेली रक्कम द्यायची, दर डॉलरशी बांधलेला, वर राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमी अशा त्याच्या अटी होत्या. १९९५ ची विधानसभा निवडणूक ज्या आघाडीने त्या प्रकल्पाविरुद्ध प्रचार करून जिंकली, तिने ऑगस्टमध्ये तो रद्द केला आणि काही महिन्यांत वाटाघाटी करून आधीपेक्षा मोठा करून स्वीकारला. केंद्राच्या प्रतिहमीला मे १९९६ मध्ये मंजुरी दिली ती तेरा दिवस टिकलेल्या सरकारने. वीज इतकी महाग पडू लागली की २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबवली, माधव गोडबोले समितीने करारावर ताशेरे ओढले, आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेतील मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेली. त्या काळात मराठवाड्यातील कृषिपंपांना रात्री-अपरात्री वीज मिळत होती. सत्ता बदलली तरी करार बदलला नाही, ही गोष्ट मतदाराच्या लक्षात राहिली.

परदेशी कंपनी भारत सरकारवर बाहेर खटला भरू शकते का?

गुंतवणूक संरक्षणाचा करार असेल तर लवादाकडे जाऊ शकते. कोल इंडियाशी झालेल्या वादात भारतीय न्यायालयांनी वेळ लावला म्हणून व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीला २०११ मध्ये लवादाने भारताकडून भरपाई देवविली. व्होडाफोननेही २०२० मध्ये करविवाद जिंकला. आपल्या न्यायालयात दहा-वीस वर्षे जमिनीची भरपाई मागत फिरणाऱ्या धरणग्रस्ताला मात्र असा लवाद उपलब्ध नाही. भारताने २०१६ नंतर ५० हून अधिक देशांना जुने करार संपवण्याच्या नोटिसा दिल्या, हे योग्यच झाले.

मराठवाड्यातील आरक्षण आंदोलनाशी याचा काही संबंध आहे का?

संबंध आहे, परंतु तो एकमेव नाही आणि त्या मागणीचे सामाजिक व ऐतिहासिक पैलू वेगळे आहेत. ऐंशीच्या दशकात येथील शेतकरी तरुण भावाच्या मागणीसाठी रस्त्यावर येत होता. २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटीतून उठलेल्या आंदोलनात त्याच शेतकऱ्याचा मुलगा शिक्षण आणि नोकरीतील हिश्शासाठी आला. सरकार भाव ठरवू शकत नाही, शुल्काचा निर्णय दिल्लीत होतो, कंपनीची नोकरी कंत्राटी आहे, असे दिसल्यावर मागण्यासारखे जे उरते ते सरकारी नोकरीचे आरक्षण, आणि त्या नोकऱ्याही घटत आहेत. परिणामी एकाच गावातले, सारख्याच कोरडवाहू रानाचे दोन समाज एकमेकांपुढे उभे ठाकतात. सोयाबीनचा भाव दोघांनाही सारखाच मिळतो, तो प्रश्न सभेत मागे पडतो.

मग दारे बंद करावीत का?

नाही. पेंड निर्यात झाली नाही तर सोयाबीनला भाव नाही, आणि परवाना राजवटीत कोरडवाहू शेतकरी सुखी होता असे मानायलाही आधार नाही. आपल्या सोयीने सावध राहता येते, हे ४ नोव्हेंबर २०१९ रोजी भारताने आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटींतून माघार घेतली तेव्हा दिसले. न्यूझीलंडच्या दूध भुकटीची धास्ती हे त्यामागचे एक कारण होते. मागणी इतकीच रास्त वाटते की शुल्काचे बदल पेरणीपूर्वी जाहीर व्हावेत आणि हंगाम संपेपर्यंत टिकावेत, सुगीच्या महिन्यांत आयात माफी देऊ नये, निर्यातबंदी घातल्यास तिच्या नुकसानीची भरपाई सरकारने द्यावी, आणि कराराचा मसुदा शेतीप्रधान राज्यांच्या विधिमंडळांपुढे चर्चेला यावा.

आयात शुल्क बदलल्याचे शेतकऱ्याला अधिकृतपणे कोठे पाहता येते?

शुल्कातील सूट केंद्र सरकार सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम २५ खाली अधिसूचना काढून देते. त्यासाठी संसदेत आधी चर्चा लागत नाही. अधिसूचना नंतर सभागृहापुढे ठेवली जाते. या अधिसूचना केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर आणि भारताच्या राजपत्रात मिळतात. आयात-निर्यातीवरील बंदी किंवा मुभा विदेश व्यापार महासंचालनालय जाहीर करते. माल विकायला नेण्यापूर्वी या दोन ठिकाणच्या ताज्या अधिसूचना पाहणे शहाणपणाचे. दोन्हीकडील मजकूर हिंदी आणि इंग्रजीत असतो.